कानांकडे बघ

पहिले तीन दिवस घोड्याला हात लावायचा नाही,
इर्मा बेरुत्ती म्हणाली,
आणि येर्बाच्या काढ्याचा थर्मास काखेत मारून
कुंपणावर चढून बसली.
आम्ही सहाजण. दुराज्नोचा जुलै,
यी नदीवरून सरकत आलेलं धुकं, बुटांत ओल.
शिकत होता तो फारोल.

फारोल : पोलिसांच्या घोडदळातून निवृत्त,
सतरा वर्षांचा, डाव्या खुराला जुनी चीर.
मोर्चे बघितलेला, फटाके पचवलेला.
आता त्याला शिकायचं होतं
कुबडी हातातून सुटते म्हणजे काय होतं,
रिकामी चाकाची खुर्ची उतारावरून कशी अंगावर येते,
फुगा, छत्री, प्लॅस्टिकची पिशवी,
आणि कुणी अचानक फोडलेली किंकाळी
जिच्यात राग नसतो.

किंकाळीचं काम माझ्याकडे आलं.
सोळा वर्षं मी मांसाच्या कारखान्यात काढली,
थंड खोलीत, सुरीवाल्यांच्या रांगेत.
उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून
पाव कुठला नि काच कुठली, कळत नाही.
अर्जात लिहिलं होतं : जनावरांचा अनुभव आहे.
खोटं नव्हतं ते.
इर्माने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत अर्जाकडे,
आणि म्हणाली, बरं, ओरड.
मी ओरडलो.
फारोलने एक कान माझ्याकडे वळवला,
दुसरा गवताकडेच राहू दिला.

चौथ्या दिवशी आमचे डोळे बांधले,
हात छातीशी पट्ट्याने आवळले
आणि एकेकाला उतरंडीवरून खोगिरावर बसवलं.
घोड्याची भीती नाही वाटली मला.
भीती वाटली मांडीवरच्या हाताची,
शेजारून चालणाऱ्याच्या,
पडू नये म्हणून घट्ट, फार घट्ट धरलेल्या.
तो हात मी ओळखला :
वजन करण्याआधी माल असाच धरतात.
माझी पाळी आली तेव्हा इर्मा म्हणाली,
धरू नकोस. असू दे नुसता.
सांगायला सोपं. माझ्या हाताला
नुसतं असायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

मग फाउस्तिनो आला. अकरा वर्षांचा,
पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले.
चालत्या घोड्याच्या पाठीवर त्याचे खुबे
गंजल्या फाटकासारखे
इंचाइंचाने सैल व्हायचे.
इर्माच्या वहीत रकाने होते :
मिनिटं, उजवा खुबा, डावा खुबा, लाळ, नजर, घोडा.
चमत्काराचा रकाना नव्हता. मी शोधला.

तिसऱ्या मंगळवारी तो हसला.
असा तसा नाही, मान मागे टाकून, घशातून,
आणि त्याची आई कुंपणापलीकडे
फोन धरलेला हात दुसऱ्या हाताने सावरू लागली.
त्याच वेळी फारोलची शेपटी दोनदा फटकली.
जुलैत माश्या नसतात.
कान आडवे पडलेले, जड. ओठ आवळलेला.
मी इर्माकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण बघत होती.

पुरे, मी म्हणालो.

कारखान्यात हा शब्द
जनावराच्या वतीने कुणी उच्चारत नसे.
मोठ्याने म्हणालो मी, गरज होती त्याहून मोठ्याने.

खाली उतरवताना फाउस्तिनोने किंकाळी फोडली,
आणि तिच्यात राग होता, काठोकाठ.
आईने माझ्याकडे पाठ केली.
फारोल हलला नाही.
इर्मा उतरून आली. शाबास वगैरे काही नाही.
'घोडा'च्या रकान्यात लिही म्हणाली, बारा मिनिटं.
मग तिचा तो येर्बाचा भोपळा,
ज्यातून एवढ्या दिवसांत आम्हाला एक घोट मिळाला नव्हता,
भरून माझ्यापुढे केला.
कडू होता. जीभ पोळली.

पुढच्या मंगळवारी उतरंडीच्या टोकाला
फाउस्तिनोने खोगिराकडे हात नेला नाही.
मान सावरत सावरत वर आणली
आणि फारोलच्या कानांकडे बघत राहिला.
बराच वेळ.
थंडी होती. आम्ही थांबलो,
आम्ही चौघं, आणि घोडा.